घडीची सायकल, छोटं विमान आणि आई

कॅलिफोर्नियात छोट्या विमानतळांना तोटा नाही. तोटा असतो तो तिथून पुढे जाण्याच्या सोयीचा. विमान उभं केलं की समोर एक इंधनाचा पंप, एक बंद खोली, दोन-चार झाकून ठेवलेली विमानं आणि शुकशुकाट. गाव तीन मैलांवर. काही ठिकाणी वैमानिकांसाठी एखादी जुनी मोटार ठेवलेली असते. किल्ली मिळाली तर नशीब, नाहीतर पायपीट. दोनशे मैल दीड तासात उडून यायचं आणि उरलेल्या तीन मैलांसाठी तासभर रस्त्याकडे बघत बसायचं, याला कंटाळून मी विमानात मावेल असं काहीतरी शोधायला लागले.

शेवटी दोन वस्तू घरात आल्या. एक शाओमीची उभं राहून चालवायची घडीची स्कूटर, वजन साडेबारा किलो. दुसरी ब्रॉम्प्टनची इलेक्ट्रिक घडीची सायकल, बॅटरी धरून सतरा किलोच्या आसपास. आई कुडाळहून आली होती. ऑक्टोबरचा पहिला शुक्रवार, माझ्या फ्लाइंग क्लबचं चार सीटचं विमान, सेस्ना १८२, मोकळं होतं, हवामान स्वच्छ. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या हेवर्डहून निघालो.

शुक्रवार: हेवर्ड ते कोलंबिया

छोट्या विमानात प्रत्येकाचं खरं वजन लागतं. आईला विचारलं.

"साठ धर."

"धर नको, खरं सांग."

"अगं, कपड्यांसकट सांगू की कपड्यांशिवाय?"

"कपड्यांसकट, पर्ससकट आणि त्या लाडवांच्या डब्यासकट."

तिने जो आकडा सांगितला तो मी इथे लिहिणार नाही. तशी अट आहे.

१८२ मध्ये सामानाच्या जागेच्या पुढच्या भागात ५४ किलो आणि मागच्या भागात ३६ किलो चालतं. ऐकायला भरपूर वाटतं. पण वजन जितकं मागे, तितकं विमान शेपटीकडे झुकतं, आणि शेपटी जड झालेलं विमान आवरायला कठीण. म्हणून जड वस्तू शक्य तितक्या पुढे. आम्ही दोघी पुढे बसणार, मागची सीट रिकामी, तेव्हा दोन्ही वाहनं मागच्या सीटवर आणि कपड्यांच्या पिशव्या सामानात.

घ्यायच्या आधी मोजपट्टी घेऊन विमानापाशी जा, हा माझा पहिला सल्ला. दुकानातल्या जाहिरातीत 'कॉम्पॅक्ट' लिहिलेलं असतं ते मोटारीच्या डिकीच्या हिशोबाने. आमच्या १८२ पेक्षा छोट्या सेस्ना १७२ चा सामानाचा दरवाजा ३९ सेंटीमीटर रुंद आणि साधारण ५५ सेंटीमीटर उंच. घडी घातलेली ब्रॉम्प्टन २७ सेंटीमीटर जाड, पण बाकी दोन्ही बाजूंनी ५६ ते ५९, म्हणजे तिथून सरळ जातच नाही. स्कूटरचं हँडल आडवं येतं. दोन्ही वस्तू बसायच्या दरवाजातून, पुढची सीट सरकवून आत घ्याव्या लागतात. स्कूटर सीटवर तिरकी आडवी, सायकल तिच्या शेजारी, दोन्ही वाहनांच्या पोटातून सीटबेल्ट ओवलेले आणि वरून सामान बांधायचा पट्टा. हवेत खड्डा लागला की सुटी राहिलेली सतरा किलोची सायकल थेट वैमानिकाच्या मानेवर येते, हे लक्षात ठेवून बांधायचं.

दुसरा हिशोब इंधनाचा. विमानाचं पेट्रोल गॅलनला ६ पौंड, म्हणजे पावणेतीन किलो. साडेबारा किलोची स्कूटर म्हणजे साडेचार गॅलन. आमचं विमान तासाला १३ गॅलनच्या आसपास पितं, तेव्हा स्कूटर न्यायची म्हणजे वीस मिनिटांचं उड्डाण खाली ठेवायचं. दोघींना हे परवडतं. चौघं असाल तर नाही. यामुळेच एका चार्जमध्ये ६५ किलोमीटर जाणारी, १९ किलोची मोठी स्कूटर मी दुकानात उचलून पाहिली आणि परत ठेवली. विमानतळ ते गाव आणि परत, एवढंच तर जायचं असतं.

उड्डाण पाऊण तासाचं. अल्टामाँट खिंडीतल्या पवनचक्क्या मागे पडल्या की सेंट्रल व्हॅली सुरू होते, जमिनीवर चौकटी आखल्यासारखी शेतं. बदामाचा हंगाम संपत आला होता. झाडं गदगदा हलवून पाडलेले बदाम गोळा करणारी यंत्रं चालू होती, त्यांच्या मागे धुळीचे पट्टे वरूनही दिसत होते. पुढे न्यू मेलोनिस धरण, आणि त्याच्या पलीकडे सिएरा पर्वताच्या पायथ्याशी २,१०० फुटांवर कोलंबियाची धावपट्टी.

इथे वणवे विझवणाऱ्या कॅल फायरचा तळ आहे. लाल-पांढरी एस-२टी विमानं ओळीने उभी होती. एकेक १,२०० गॅलन लाल रसायन घेऊन उडतं. उन्हाळ्यात इथे येणार असाल तर त्यांना वाट द्यायची तयारी ठेवा. आग लागलेली असताना तुमच्या सहलीला कोणी विचारत नाही, आणि ते बरोबरच आहे.

शेजारी एक आजोबा जुनं, शेपटीला चाक असलेलं दोन सीटचं सेस्ना झाकत होते. आमची सायकल उलगडताना ते काम सोडून बघत राहिले. त्यांच्याकडे साधी घडीची सायकल, बिनमोटारीची. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून चढाला ती ढकलत न्यावी लागते, म्हणाले. मग वैमानिक जे पहिलं विचारतो तेच विचारलं: वजन किती? आणि लगेच दुसरं: बॅटरी पेट घेत नाही ना?

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. प्रवासी विमान कंपन्या १०० वॅट-अवरपर्यंतची (बॅटरीत मावणाऱ्या विजेचं हे माप) लिथियम बॅटरी सरळ नेऊ देतात, १६० पर्यंत आधी परवानगी घेऊन, त्यापुढे नाही. माझ्या स्कूटरची २८० वॅट-अवर आहे आणि सायकलची ३००. स्वतःच्या खासगी उड्डाणात ती अडवायला काउंटरवर कोणी बसलेलं नसतं. निर्णय वैमानिकाचा, परिणामही त्याचेच. मी पाळते ते असं. पडलेली, फुगलेली, भिजलेली बॅटरी विमानात चढवायची नाही. भरगच्च चार्ज करून न्यायची नाही. निम्मी पुरते, आणि निम्म्या चार्जची बॅटरी बिघडली तर भडकाही कमी असतो. हवेत चार्जिंग अजिबात नाही. ब्रॉम्प्टनची बॅटरी पुढच्या पिशवीतून सुटी निघते, ती हाताशी ठेवायची, सामानाच्या तळाशी नाही. स्कूटरची सुटी होत नाही, म्हणून ती निदान दिसेल आणि हात पोचेल अशी बांधायची. पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या जवळ असाव्यात. विमानातल्या आग विझवायच्या हॅलॉन वायूच्या नळकांड्याने ज्वाळा बसतात, पण बॅटरी आतून तापतच राहते. तिला थंड करायला पाणीच लागतं. आणि सगळ्यात आधी, जवळची धावपट्टी कुठली ते डोक्यात तयार असावं.

आजोबांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, मग मी ढकलतोच.

आता आईची स्वारी. कॅलिफोर्नियात उभ्या स्कूटरला वाहन परवाना लागतो, अशा सायकलीला लागत नाही, आणि स्कूटरची चाकं अगदीच चिमुकली. तेव्हा सायकल तिला हे आधीच ठरलं होतं. हेल्मेट अंबाड्यावर बसेना म्हणून तिने तिथेच केस सोडून वेणी घातली. मी समजावायला सुरुवात केली की यात ॲक्सिलरेटर नाही, पायडल मारलं की मोटार आपोआप...

"लुना माहितेय का तुला?" म्हणाली आणि निघाली.

पुण्याच्या कायनेटिकची लुना १९७२ साली आली. कुडाळला आई वर्षानुवर्षं तिच्यावरून शाळेत शिकवायला जायची. लुनालाही पायडल होतं. दोन-चार पायडल मारून इंजिन उठवायचं, मग बसून राहायचं. आईच्या पायांना हे पाठ होतं. फक्त पहिली ओढ बसल्यावर सवयीने तिने पाय थांबवले, मोटारही थांबली. "बंद पडली गं!" लुना आणि हिच्यातला हा फरक तिला पन्नास फुटांत कळला, आणि मग ती माझ्यासाठी थांबली नाही. २०२४ मध्ये लुना परत बाजारात आली आहे, तीही विजेवर चालणारी, हे मी तिला मागून ओरडून सांगितलं. ऐकू गेलं नसावं.

कोलंबिया हे १८५० मध्ये सोनं सापडल्यामुळे उगवलेलं गाव. आज ते राज्याचं ऐतिहासिक उद्यान आहे. मेन स्ट्रीटवर मोटारींना बंदी, घोडागाडी चालते, म्हणून आम्हीही उतरून आपली वाहनं ढकलत नेली. लोहाराच्या भट्टीपाशी आई बराच वेळ थांबली. लोहार तरुण मुलगा होता, नालाचा तुकडा वाकवून आकडे करत होता. त्याने विचारलं, तुमच्याकडे अजून लोहार आहेत का? आई म्हणाली, कोयता आणि विळी कुठून येते असं वाटतं तुला? मी भाषांतर केलं. विळी काय हे समजावताना मात्र माझी दमछाक झाली. शेवटी आईने जमिनीवर बसून दाखवली.

गावाबाहेर पांढऱ्या चुनखडीच्या प्रचंड शिळा कशाही उभ्या आहेत. त्या तशा वर आलेल्या नाहीत. सोन्यासाठी खाणवाल्यांनी पाण्याने त्यांच्याभोवतीची सगळी माती धुऊन नेली, म्हणून त्या उघड्या पडल्या. टेकडीवर १८६० ची विटांची दुमजली शाळा आहे, १९३७ पर्यंत ती भरत होती. चढ दमवणारा आहे आणि सायकलचं मोटारवालं पायडल तिथे कामी आलं. आईने बाकं मोजली, फळ्याची उंची पाहिली आणि निकाल दिला: "मागच्या बाकावरच्याला काही दिसत नसणार."

रात्री मेन स्ट्रीटवरच्या जुन्या हॉटेलात राहिलो. लाकडी जिना अरुंद. घडीची सायकल उचलून खोलीत नेता येते, हा तिचा मोठा गुण. बाहेर कुलूप लावून रात्रभर काळजी करायला नको.

शनिवार: बीफच्या गावातून डॅनिश गावात

कोलंबियाहून सरळ दक्षिणेला दोनशे सागरी मैलांवर सांता इनेझ, सॉल्वँग या डॅनिश गावाजवळचा विमानतळ. बरोबर मध्यावर कोलिंगाजवळ हॅरिस रँच नावाचं ठिकाण आहे: हायवेच्या कडेला उपाहारगृह, आणि त्याच्या दाराशी फक्त ३० फूट रुंदीची धावपट्टी. इथे सायकल काढायची गरजच पडत नाही. विमान लावा आणि चालत जेवायला जा. रुंद धावपट्टीची सवय झालेल्या डोळ्यांना ती दोरीसारखी दिसते आणि आपण आहोत त्याहून उंच आहोत असं वाटत राहतं. पहिल्यांदा जाताना सोबत कोणी अनुभवी घ्या.

मेनूवर बीफचंच राज्य. त्याच हायवेवर गुरांचा मोठा गोठा आहे, वारा तिकडून असेल तर मेनू वाचायच्या आधीच कळतो. आई मासे-मटण खाते पण बीफ नाही. वाढणाऱ्या बाईंना तिच्यासाठी काय आणावं सुचेना. अखेर भाजलेला बटाटा, मका, कोशिंबीर आणि ॲपल पाय असं ताट जमलं, वर डब्यातला लाडू. लाडू त्या बाईंनाही दिला. त्यांनी तो स्वयंपाकघरात नेला आणि थोड्या वेळाने आतून दोन आचारी डोकावून गेले.

पुढे कोस्ट रेंजचे डोंगर ओलांडताना डाव्या हाताला कारिझोचं पठार आणि त्यातला सोडा लेक दिसतो, पाणी आटून मिठाने पांढरा झालेला. त्याच्याच पूर्वेला भूकंपांसाठी प्रसिद्ध सॅन अँड्रियास भेग जाते. दुपारचं ऊन डोंगरांवर तापलं होतं, विमान चांगलंच हलत होतं. आईने पट्टा घट्ट केला आणि रामरक्षा म्हणायला घेतली, हेडफोनमध्ये. रेडिओचं बटण तिच्या बाजूचं दाबलेलं नाही ना, हे मी दोनदा पाहिलं. दुपारची उड्डाणं सकाळी उरकलेली बरी, एवढाच धडा.

सांता इनेझच्या धावपट्टीवर ग्लायडर उडतात, तेव्हा उतरताना आकाश नीट न्याहाळा. उतरायला आलेलं बिनइंजिनाचं विमान तुमच्यासाठी पुन्हा वर जाऊ शकत नाही. उतरल्यावर गेटबाहेर जायच्या आधी आत यायचा कोड विचारून घ्या. संध्याकाळी ऑफिस बंद होतं आणि विमान जाळीच्या आत, आपण बाहेर. आणि विमानं उभी असतात तिथे या वाहनांवर बसू नका. फिरता पंखा दिसत नाही. गेटपर्यंत ढकलत न्या.

इथून सॉल्वँग पाच-सहा किलोमीटर, हायवे २४६ च्या कडेने. आमच्यासारख्यांनी नकाशा याच गोष्टीसाठी बघायचा: ताशी २५ मैलांपेक्षा जास्त वेगमर्यादेच्या रस्त्यावर स्कूटरला सायकल लेन असेल तरच जाता येतं, फुटपाथवर चालवता येत नाही, आणि वेगाची मर्यादा १५ मैल. गाव जवळ आहे एवढं पुरेसं नसतं. रस्ता कसला आहे ते पाहावं लागतं. काही सुंदर विमानतळ मी याच कारणाने यादीतून काढले.

स्कूटरचा अनुभव खरा सांगायचा तर, सहा किलोमीटर ही तिची सहनशक्ती नाही, माझी आहे. साडेआठ इंची चाकांना रस्त्यातली प्रत्येक भेग कळते आणि ती तळपायातून दातांपर्यंत पोचते. एखादी मोठी लॉरी शेजारून गेली की तिचा वारा ढकलतो. आई सोळा इंची चाकांवर, सीटवर ऐटीत बसून पुढे. चुमाश कसिनोपाशी सिग्नलला गाठली तेव्हा म्हणाली, "तू उभी का? बसायचं नाही का त्यात?" एकच वाहन घेणार असाल तर सायकल घ्या. महाग आहे, चार किलो जास्त आहे, तरी.

सॉल्वँग डॅनिश लोकांनी १९११ मध्ये वसवलं. पवनचक्क्या, लाकडी तुळया दिसणाऱ्या भिंती, कोपनहेगनच्या जलपरीची छोटी प्रतिकृती. पर्यटकांसाठी सजवलेलं आहे, लपवतही नाहीत. गावाच्या टोकाला १८०४ चं स्पॅनिश पाद्र्यांचं मिशन, सांता इनेस, ते मात्र शांत आणि खरं जुनं. मला तेच जास्त आवडलं.

पण आईची संध्याकाळ एका खिडकीपाशी गेली. आत एक मुलगी बिडाच्या, गोल खळगे असलेल्या तव्यात पीठ ओतत होती आणि विणायच्या सुईने गोळे उलटत होती.

"अगं, हे तर आप्पे!"

डॅनिश नाव एब्लेस्किवर. गव्हाच्या पिठाचे, गोड, वर पिठीसाखर आणि रासबेरीचा जॅम. तवा मात्र शंभर टक्के आपलं आप्पेपात्र. आईने मुलीला खुणेनेच सांगितलं की झाकण ठेव, आतून कच्चे राहत नाहीत. मुलगी हसली, मान हलवली, सुईने एक गोळा पाव वळणावर फिरवून थांबली, मग आणखी पाव. आतलं पीठ वाहून खाली येतं आणि पोकळ गोळा आपोआप पुरा होतो. आई गप्प झाली. मग म्हणाली, "हे करून बघायला हवं." खाताना जॅम बाजूला सारून तिने लोणी मागितलं.

मुक्काम गावातच. चालकांसाठी एक गोष्ट: रात्री परत विमानतळावर जायचं नाही असं आधीच ठरवा. या वाहनांचा दिवा हायवेवर पुरेसा वाटत नाही.

रविवार: धुकं, फ्रीडम आणि मासे

बेत होता थेट हाफ मून बेला जाऊन बंदरावर मासे घ्यायचे. सकाळी तिथल्या हवामानाचं रेकॉर्डिंग फोनवर ऐकलं: ढग पाचशे फुटांवर, म्हणजे सध्या उतरणं नाही. किनाऱ्याचं हे नेहमीचं आहे, समुद्राचा गार थर सकाळी जमिनीवर चढून बसतो आणि उन्हाने मागे सरकतो. कधी अकराला, कधी दोनला, कधी सरकतच नाही.

निघालो तरी. सॅलिनास व्हॅलीतून उत्तरेला, खाली भाजीची शेतं आणि हायवे १०१. वाटेत पुन्हा चौकशी केली, हाफ मून बे अजून झाकलेलंच. वॉटसनव्हिल मात्र उघडलं होतं. उतरलो.

एरवी अशा वेळी मी विमानतळावरच्या खुर्चीत बसून फोनवर ढगांचे आकडे बघत बसले असते. आता पाच मिनिटांत दोन्ही वाहनं उलगडून आम्ही बाहेर. विमानतळाला लागून असलेल्या वस्तीचं नावच फ्रीडम आहे. मोठा रस्ता सोडून ताशी २५ मैलांची मर्यादा असलेल्या गल्ल्यांतून गेलो. रविवार, त्यामुळे घरोघरी अंगणात माणसं. बहुतेक मेक्सिकन कुटुंबं, स्ट्रॉबेरीच्या शेतांवर राबणारी. वॉटसनव्हिल म्हणजे स्ट्रॉबेरी आणि सफरचंद. मार्टिनेलीचा सफरचंदाचा रस १८६८ पासून इथलाच.

एका चर्चबाहेर एक मावशी मोठ्या कूलरमधून तमाले विकत होत्या, मक्याच्या पानात उकडलेले, आत मिरचीतली कोंबडी. आईने पान उघडून वास घेतला, दोन बोटांनी पिठाचा पोत पाहिला. मावशी तिच्याकडे बघत होत्या. एक स्पॅनिशमध्ये बोलत होती, दुसरी मराठीत, मध्ये मी होते आणि माझी गरज कोणालाच नव्हती. पिठात चरबी किती, पान भिजवायचं किती वेळ, सगळं हातवाऱ्यांनी झालं. मग त्यांच्या नातवाला सायकलवर बसायचं होतं. आईने मोटार बंद करून त्याला एक चक्कर मारू दिली, कॅरिअर धरून मागे पळत. हेल्मेट तिचंच, त्याच्या डोक्यावर डगमगणारं. अठराच्या आतल्यांना ते सक्तीचं आहे, आणि सक्ती नसती तरी आईपुढे त्याचं चाललं नसतं. उरलेले लाडू तिथेच संपले.

दीडच्या सुमारास हाफ मून बे मोकळं झालं. वीस-पंचवीस मिनिटांचं उड्डाण, डाव्या हाताला धुक्याची भिंत पाण्यावर अजून उभीच.

इथला विमानतळ समुद्राला इतका जवळ आहे की प्रिन्स्टनचं बंदर चालतही गाठता येतं. पण परत येताना हातात काय असणार हे आईने आधीच ठरवलेलं होतं, म्हणून सायकल काढली. पिलर पॉइंटच्या धक्क्यावर काही कोळी बोटीवरूनच मासे विकतात. फळ्यावर खडूने लिहिलेलं असतं काय आहे ते. त्या दिवशी रॉकफिश, लाल आणि काटेरी. खेकड्यांचा हंगाम अजून उघडायचा होता. वरच्या कड्यामागे मॅव्हरिक्सच्या प्रसिद्ध लाटा फुटतात, पण त्या थंडीतल्या, आणि आईला त्यात रस नव्हता.

तिने कल्ले उघडून पाहिले. डोळे पाहिले. बोटाने दाबून पाहिलं. कोळी पन्नाशीचा, दाढीवाला, हात कमरेवर ठेवून उभा. म्हणाला, बहुतेक लोक विचारतात डोकं काढून मिळेल का. आईने डोक्यासकट हवेत म्हटल्यावर त्याने बर्फाखालून आणखी दोन मोठे काढले, ते मघापर्यंत दाखवले नव्हते. घासाघीस झालीच. तो एका पैशाने उतरला नाही, पण एक छोटा मासा वर टाकला. आईच्या लेखी ते चाललं.

मासे, बर्फ आणि पेटी मिळून बारा किलो भरले. विमानात ठेवताना पुन्हा हिशोब केला: सकाळपासूनचं जळलेलं इंधन वजा, लाडू वजा, मासे अधिक. पेटी मागच्या सीटच्या पायाशी, स्कूटर तिच्या वर नाही, शेजारी. बर्फ वितळतो, पाणी आणि बॅटरी एकत्र नको. पेटीखाली ताडपत्री आणि जाड पिशव्यांचे दोन थर. क्लबचं विमान आहे, उद्या दुसरं कोणी नेणार.

हेवर्डला सूर्य मावळायच्या आत पोचलो. रात्री रॉकफिशचं तिरफळ घातलेलं सार झालं. दोन्ही बॅटऱ्या थंड होईपर्यंत गॅरेजमध्ये तशाच ठेवल्या, दुसऱ्या दिवशी चार्जला लावल्या. सायकल सध्या आईकडेच आहे. रोज सकाळी ती तिच्यावरून इंडियन ग्रोसरीला जाते, आणि जड पिशव्या असतील त्या दिवशी मला स्कूटर घेऊन मागून यायला सांगते.